रकाना क्रमांक चार

नकाशावर ती पेन्सिलीची रेघ :
लांबी अकरा किलोमीटर, पुढे काही मीटर वादाचे.
मी खात्याचा माणूस.
जीपमध्ये टेप, रंगाचे पट्टे मारलेली काठी,
वाळपईहून घेतलेले पाव
आणि एक फॉर्म,
त्यात चौथा रकाना : नदीचे नाव.

उगम कुठे, विचारलं
तर धुळू झोरेनं म्हशीकडे बोट केलं.
ती सकाळी पहिलं तोंड घालते, तिथे.
कातळाला गेलेली एक ओली चीर,
बेडकालाही अंग दुमडून बसावं लागतं.
नाव?
अजून रांगतंय, म्हणाला धुळू,
बारशाला वेळ आहे.

दोन उतार खाली तिला आवाज फुटतो.
आषाढात रात्रभर दगडावर दगड आपटतात
थंडीनं दात वाजावेत तसे,
म्हणून तिथल्या सात घरांची ती कुडकुडी.
सातांपैकी तीन घरं बंद.
म्हणजे हे नाव
आता चार चुलींपुरतं.

कुळागरात शिरली की ती पाटापाटांत फुटते,
पोफळीच्या मुळाशी, केळीच्या आळ्यात,
तिथे तिला नदी कुणी म्हणत नाही.
सोमवारी ती घाडींची, मंगळवारी माजिकांची,
बुधवारी अर्धी अर्धी,
आणि भांडण झालं तर
फावडं ज्याच्या हातात त्याची.

फिरंग्यांच्या नकाशात इथे काहीतरी लिहिलेलं होतं.
कागदाची घडी नेमकी त्यावर पडली,
साठ वर्षं उघडमीट झाली.
उरलंय 'रिओ द'
आणि पुढे एक भोक,
ज्यातून टेबलाचं लाकूड दिसतं.

शेवटी पुरणात आलो.
उन्हाळ्यात नदीच्या पोटातच पिकणारं ते भात
गुडघाभर झालं होतं.
बांधावर आवडू माजीक, वय ऐंशीच्या अल्याड की पल्याड
तिलाच ठाऊक नाही.
ही न्हंय कुठली, आजी?
ह्यांची.
कुणाची?
ह्यांची रे, म्हणाली, आणि तोंडाला पदर.

नातवानं मला बाजूला घेतलं.
नाव फटूची न्हंय.
कुठला फटू, किती पिढ्यांमागचा, कुणालाच माहीत नाही,
पण आजोबाही फटूच.
म्हणजे लग्न होऊन आली त्या दिवसापासून
ही बाई हिच्यात धुणं धुते, हिचं पाणी भरते,
आणि नाव कधी ओठांवर येऊ देत नाही.
एका रात्री पाणी खळ्यापर्यंत चढलं,
तेव्हा ती अंगणातून ओरडली :
उठा, उठा, हे आले!
खाटेवरचा फटू उठून बसला,
म्हणाला, मी तर इथेच आहे.

आजोबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली.
'हे' अजून येतात, दर पावसाळ्यात,
कधी एखादा बांध घेऊन जातात.

नियम असा की नाव नसेल तर अनुक्रमांक द्यावा.
नावं जास्त असतील तर काय,
हे नियमात नाही.
मी पेन्सिलीनं लिहिलं : ह्यांची.
साहेबांनी कुणाची म्हणून विचारलं,
मी पदर नसल्यामुळे खाली बघितलं.
त्यांनी खोडलं. कागद तेवढ्यापुरता चकाकतो.
छापून आली ती उपनदी क्रमांक सत्तावीस.
हा आकडा योगायोगानं आला,
मी काही जुळवला नाही.

मार्गशीर्षात पातळी मोजायला परत गेलो.
बांधावर नातू एकटाच.
आजी कुठे?
'ह्यां'च्याकडे गेली, म्हणाला,
आणि खाली वाकून मूठभर तण उपटलं.
नदीवर की,
हे मी विचारलं नाही.
काठी पाण्यात धरली.
एकोणचाळीस सेंटिमीटर.
पाणी काठीपाशी जरा दुभंगलं
आणि पुढे म्हादईकडे निघून गेलं.