ठराव

स्विंडन, मे महिना. गॅरेजात लग्नांचे दिवे
खोक्यांत निजलेले, वायरी पोटाशी धरून.
किचनच्या टेबलावर कंपनीची सभा भरली:
हजर मी एकटा. कोरम पूर्ण.

फोनवर ब्रॉनवेन, आमची अकाउंटंट, म्हणाली,
डिव्हिडंड धरत नाहीत, शिरीष. फक्त पगार.
पगार मी मला सातशे एकोणीस पौंड देतो,
टॅक्स वाचावा म्हणून. हुशारी तिनंच शिकवलेली.
त्याचे ऐंशी टक्के.
नाहीतर कर्ज आहे, म्हणाली, फॉर्म सोपा आहे.
सोपा म्हणताना जराशी थांबली.

मग मी मला पत्र लिहिलं:
प्रिय श्री. खांबेटे, उद्यापासून कामावर येऊ नये.
खाली सही केली.
टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलो,
‘मान्य’ लिहून पुन्हा सही केली.
ही जरा वाकडी आली.

दुपारी फोन वाजला. जूनमधली ती नवरी असणार,
डिपॉझिट मागणारी, किंवा नवी तारीख.
मला काम करायची मनाई आहे, माझीच.
वाजू दिला.

रात्री गॅरेजात एक माळ लावून बघितली.
एवढं चालत असावं.
कुणी विचारलंच तर सांगेन,
कंपनीची मालमत्ता तपासत होतो,
संचालक म्हणून.