हातचा

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर सोहारच्या इस्पितळात
दुसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण
मंगळवारचं पोट पुन्हा उघडतो.
आता रक्त नाही, वास नाही.
काहवा आहे, खजूर आहेत,
आणि एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.

पोट शिनासच्या एका मच्छीमाराचं.
पित्ताशय काढलं. काल सकाळी तो चालत घरी गेला,
जाताना वॉर्डच्या टेबलावर पिशवीभर लिंबं ठेवून.

सॉफ्टवेअरने चित्रफितीचे तुकडे पाडलेत, प्रत्येकाला रंग.
पिवळा सोडवण्याचा, निळा क्लिप लावण्याचा,
हिरवा कापण्याचा, राखाडी धुण्याचा.
सत्तेचाळीस मिनिटांचा माणूस
गोधडीच्या काठासारखा पडद्याखाली अंथरलेला.
मधेच एक लाल ठिगळ:
उपकरण-बदल. एकेचाळीस सेकंद. सरासरी सहा.
सहाय्यकाचा विलंब.

सहाय्यक म्हणजे मी.
सुनीती हिंदळेकर, देवगडकडची.
इथे कुणाची जीभ 'ळ'पाशी वळत नाही,
म्हणून नुसती सिस्टर हिंद.

शिकाऊ डॉक्टर तुरय्या फीत मागे नेते.
डावा चिमटा पित्ताशय उचलून धरतो,
उजवीकडे कुणीच नाही.
यकृताचा काठ श्वासासरशी वरखाली होतो,
भरतीत दोराला बांधलेल्या होडीसारखा.
एकेचाळीस सेकंद एवढंच.
कॅमेरा पोटात होता,
त्याला पोटाबाहेरचं काय दिसणार?

पोटाबाहेर
डॉक्टर खमीसांचा पंजा माझ्यापुढे उताणा होता.
"क्लिप."
क्लिप माझ्या हातात होती. मी दिली नाही.

बावीस वर्षांत पहिल्यांदा हात आखडला.
ती नळी मला जाड वाटली.
वाटली फक्त. मी नर्स, पडदा तिरका बघते.
शाळेत बेरजा शिकवताना मिठबावकर बाई खडू आपटायच्या,
"हातचा विसरलीस तर पुढचं सगळं चुकणार."
इथे गॉज मोजते ती इंग्रजीत, ओठांनी.
आत मराठी मोजणी चालूच असते,
आणि त्या मोजणीत काहीतरी हातचं राहिलं होतं.

"क्लिप." या वेळी बोटं हलली.
पोटातलं ओठावर यायला
मास्क कधी आड आला नाही. आड येतो हुद्दा.
म्हटलं, "डॉक्टर, एकदा मागून बघता?"

भूल देणाऱ्या इलियास सरांची खुर्ची करकरली.
पंजा मिटला.
रिकामा चिमटा परत आत गेला,
चरबी बाजूला सारत मागे शिरला,
आणि खरी नळी दिसली,
अळूच्या देठातल्या शिरेएवढी, भलतीकडेच.
आधी समोर होती ती मुख्य नळी.
तिला क्लिप लागती
तर लिंबं आली नसती.

"इथे काय झालं?" तुरय्या विचारते.
मी बादलीकडे बघते.
असू दे लाल, एका रकान्याने काय होतंय.
पुढच्या महिन्यात माझा करार संपतो,
तेही दिसतं बादलीत.

डॉक्टर खमीस, नावातच गुरुवार असलेले,
खजुराची बी बोटांत फिरवत राहतात.
वेळ घेतात. मी मोजत नाही.
मग म्हणतात, "मी चुकत होतो. हिंदने दिली नाही."
आधी अरबीत, मग माझ्यासाठी इंग्रजीत.

'दिली नाही'ला यादीत रकाना नाही.
विलंब आहे, बिघाड आहे, इतर आहे.
तुरय्या 'इतर' निवडते, लाल ठिगळ पांढरं पडतं.
खाली लिहायच्या जागेशी थांबून
ती माझं आडनाव विचारते. पूर्ण.
एकेक अक्षर सांगते मी.
'ळ'पाशी दोघी अडतो,
ती एल दोनदा दाबते.

खोलीवर माझ्या वाटणीची चार लिंबं.
तीन चिरून मिठात टाकते.
चौथं
कितीतरी वेळ हातात धरून बसते.