लाओ थानची पाठ

पालथा हो, लाओ थान. तोंड त्या भोकात घाल.
श्वास अडला तर टॉवेल सरकव, लाजू नकोस.
छताला दोन दांड्या टांगल्यात, मी त्यांना धरून असते,
म्हणजे माझं सगळं वजन कधीच तुझ्यावर नसतं.
पाय धुतलेत. आल्याच्या गरम पाण्यात,
दोनदा.

आधी टाच.
कमरेच्या दोन्ही अंगांना, हाड सोडून.
हाडावर पाय द्यायचा नाही, हे पहिलं.
फांग गुरुजींनी चार महिने मला माणसाजवळ फिरकू दिलं नव्हतं.
जमिनीवर ओळीनं वाफवलेले पाव मांडायचे
आणि म्हणायचे, चाल.
जो चपटा होईल तो रात्री जेवायला.
चार महिने मी चपटे पाव खाल्ले, लाओ थान.
शेवटच्या आठवड्यात एक फुगलेला वाटणीला आला
तर तो गिळवेना.

सोड श्वास.
तू सोडतोस तेव्हा मी उतरते, घेतोस तेव्हा हलकी होते.
होडीत चढताना पहिला पाय कसा टाकतो आपण,
तसं काहीतरी. नीट सांगता येत नाही.

इथे, डाव्या खांद्यावर,
कावडीच्या बांबूनं घट्टा पाडलाय.
अंगठ्याला लागतो, बदामाएवढा.
नाही, अक्रोडाएवढा.
तीस वर्षं?
चौतीस. बरं.
काय काय असेल याच्याखाली.
संत्र्यांच्या पेट्या, भिजलेली सिमेंटची पोती,
श्यांगबाईंचा फ्रीज, जो तू नऊ मजले चढवलास
आणि रंग चुकला म्हणून नऊ मजले उतरवलास.
या चोंगछिंगमध्ये सपाट असं आहेच काय,
नदीपासून बाजारापर्यंत पायऱ्या,
बाजारापासून धुक्यापर्यंत पायऱ्या.
तुझ्या मणक्यावरून जाताना
मला अजूनही दम लागल्यासारखं होतं.

आई म्हणायची, वडीलधाऱ्यांना पाय लावू नये.
आणि मी रोज सहा-सात जणांच्या पाठीवर उभी,
बँकेचे साहेब, पोहण्याचे मास्तर,
एक निवृत्त न्यायाधीश, त्यांना गुदगुल्या होतात.
आईला सांगितलं होतं, कापडाच्या दुकानात आहे.
जाईपर्यंत तिला तेच ठाऊक.
दर वर्षी विचारायची,
नवीन रंग कुठले आलेत.

दुखतंय? मग दात का आवळतोस?

काय म्हणालास?
भोकातून ऐकू येत नाही, पुन्हा सांग.

म्हणालास, दुखत नाही.
दुखायचं तेव्हा ओझं होतं.
आता नव्या इमारतींना लिफ्ट, रस्ता थेट दारात,
पोरं मोबाइलवरून सामान मागवतात, गाडी येते.
फेब्रुवारीपासून बांबू दाराआड उभा.
आणि रात्री पाठ जागी होते,
पाहुणे गेलेल्या घरात बाई फिरते तशी
खोल्याखोल्यांतून फिरते,
कुणी काही विसरून गेलंय का बघत.

हे असं तू नाही म्हणालास.
तू म्हणालास, "हलकं हलकं लागतं. झोप नाही.
थोडं अजून वजन दे."

मी एक दांडी सोडली.

"अजून."

दोन्ही सोडायच्या नाहीत, हे दुसरं.
गुरुजींच्या एका शिष्यानं सोडल्या होत्या,
तो आता नूडल विकतो,
आणि विषय निघाला की गुरुजी चहा ओतायला उठत.

खाली धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला.
मी तळवे पसरले, तुझ्या खांद्यांच्या पात्यांखाली.
तू श्वास सोडलास, लांब, शेवटपर्यंत,
आणि मी हात काढून घेतला.
बावन्न किलो, लाओ थान. स्वेटर धरून.

तू कण्हला नाहीस.
फक्त पाठ जरा हलली, डावीकडून उजवीकडे,
ओझं जिथं बसायला हवं तिथं बसवून घेतात तशी,
आणि खालून, झोपेनं जड झालेल्या जिभेनं, विचारलंस,
"कितव्या मजल्यावर, ताई?"

मी सांगितलं, नवव्या.
सावकाश चल.
लिफ्ट बंद आहे.