हातचा एक

वार्दोत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य रजेवर जातो
आणि जानेवारीच्या मध्यावर
कसलंही कारण न देता पुन्हा रुजू होतो.
त्या मधल्या काळोखात सिग्नी होड्यांची वही मांडते आहे.

वही म्हणजे कागद नव्हे.
नऊ सर्व्हर, तीन गट, तीन गावं:
वार्दो, वादसो, किर्केनेस.
कुठली होडी कुठे, तिच्यावर माणसं किती,
शेवटचा आवाज किती वाजता आला,
प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती.

तीन हा आकडा टाकला आणि ती निर्धास्त झाली.
गुरुवारी सहज बघितलं, तर
‘लोमवी’ नावाच्या होडीच्या तिन्ही प्रती
वार्दोतल्या एकाच कपाटात,
एकाच वायरीला लोंबकळत.
मोजणी बरोबर होती.
तिघी फक्त एकत्र मेल्या असत्या.

शाळेत बेरजेला शिकवतात ना,
हातचा त्याच घरात लिहायचा नसतो,
शेजारच्या घरात न्यायचा.
यंत्रांना हे कुणी शिकवलेलं नसतं.
मग एकेकाच्या कानात पत्ता सांगावा लागला:
तू या कपाटातला,
तू त्या खोलीतला,
तू किर्केनेसचा, तुझी वीजही तिकडची,
इथल्या कुणाला तुझ्याविना अडलं
तरच तुझी आठवण निघेल, वाईट वाटून घेऊ नकोस.

एडविन, तिचा बाप, थर्मास घेऊन आला.
माशाचं सूप, झाकणात ओतलेलं.
पडद्याकडे बघत म्हणाला, हे तर माझ्या आईला येत होतं.
मला आणि पेदरला तिने कधी एका होडीत बसू दिलं नाही.
एक पोरगा तरी परत येईल, म्हणायची.

मग?

मग काय. दोघंही परत आलो. दर खेपेला.
तो त्याच्या धक्क्यावर, मी माझ्या.
त्याची वादळं मला माहीत नाहीत,
माझी त्याला.
आई होती तोवर तिच्या तोंडून कळायचं.
ती गेली, आणि बोटघर कुणाचं
याच्या दोन नोंदी निघाल्या.
माझ्याकडे एक, त्याच्याकडे एक,
दोन्ही खऱ्या.

सिग्नीने सूप संपवलं.
तिला सांगायचं होतं की याला नाव आहे:
मधली वायर तुटते, दोन्ही तीर जिवंत असतात,
आणि प्रत्येकाला वाटतं, पलीकडचा गेला,
आता कर्ता मीच.
एका म्यानात दोन तलवारी.
वायर जोडल्यावर जे होतं
ते तुटण्यापेक्षा वाईट.
तिने नाव सांगितलं नाही.
म्हणाली, म्हणून तीन गावं, बाबा.
दोघांचं जुळलं तर लिहायचं.
जो एकटा पडला त्याने लिहायचं नाही.

खात्री करायला तिने वार्दोची वायर स्वतःच उपटली.
चौदा सेकंद.
वादसो आणि किर्केनेस एकमेकांना विचारत राहिले,
तू आहेस? मी आहे. तू आहेस? मी आहे.
मग वही पुढे चालू झाली.
‘लोमवी’वर सहा माणसं, उत्तरेला, आवाज ताजा.
आणि इथलं कपाट, दिवे लागलेले, पंखे फिरताहेत,
गप्प.

एडविन त्या गप्प कपाटासमोर बराच वेळ उभा होता.
हा आता काय करतोय?
ऐकतोय.
मेलेला नाही ना?
नाही. त्याला फक्त ठाऊक आहे
की आपल्याकडचं कदाचित जुनं असेल.

चौदा सेकंद तिला जास्त वाटले.
एका ओळीतला आकडा बदलून तिने पुन्हा उपटली. नऊ.
तेवढ्यात बापाने हातमोजे चढवले, पुन्हा काढले,
थर्मासचं झाकण घट्ट लावलं
आणि दाराकडे बघत विचारलं,
वादसोपर्यंत वायर जाते म्हणालीस ना?

जाते.

बरं, म्हणाला.
टेबलावरचा फोन त्याने
बोटभर स्वतःकडे सरकवला,
उचलला नाही.