पिवळा क्रेट

भोसरीच्या शेडमध्ये अकरा वर्षं
मी बुश तपासले.
गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
हिरव्या क्रेटमध्ये पास, लालमध्ये भंगार,
आणि पिवळ्यात ते
ज्यांचं अजून काही होऊ शकतं.

अठ्ठावीस तारखेला सुपरवायझरने
आम्हा चौदा जणींना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.
तेव्हाच कळायला हवं होतं.

विमा कार्यालयात पाटोळे मॅडम म्हणाल्या,
कापले जायचे ना पगारातून? मग हक्क आहे तुमचा.
अर्धा पगार, नव्वद दिवस,
आणि जन्मात एकदाच.
‘जन्मात एकदाच’ असं म्हणाल्या
की मला माझी हळद आठवली.

मग त्यांनी स्क्रीनकडे बघितलं.
‘पण घोडेकर, तुम्ही तर नोकरीवर आहात.’
मी मागे वळून बघितलं.
रांगेत दुसरी घोडेकर नव्हती.

कंपनीने माझी सुटल्याची तारीखच भरली नव्हती.
एचआरचा पोरगा फोनवर म्हणाला,
तुमच्या नावावर एक गेज दाखवतंय,
जमा करा, मग तारीख टाकतो.

गेज होतं. एप्रनच्या खिशात, खुंटीवर.
चोरलं नव्हतं, शपथ.
त्या दिवशी हात खिशात गेला तो रिकामा बाहेर आला, एवढंच.
घरात बसून नळाच्या तोंडाला लावून बघायचे,
कुकरच्या शिट्टीखालच्या भोकाला,
सासूबाईंनी काढून ठेवलेल्या जोडव्याला.
काहीच मापात बसायचं नाही,
आणि सगळं चालत होतं.

कंप्युटरमध्ये नोकरीवर,
घरी बेकार,
आणि संध्याकाळी सहा ते आठ
लांडेवाडीच्या मेसमध्ये पोळ्या.
एका पोळीला दीड रुपया. फाटलेली मोजत नाहीत.

गेज गेटवर दिलं. वॉचमनने पावती फाडली,
नवीन होता, मला ‘कुणाकडे काम आहे’ विचारलं.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ:
‘या कालावधीत आपण कोठे काम केले आहे काय?’

पोळ्या लाटणं हे काम आहे
हे आमच्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
आता सरकार विचारत होतं.

मॅडमना सरळ सांगितलं.
‘पगारपत्रक देतात?’
नाही.
‘विमा कापतात?’
पीठ चाळून घेतात, म्हटलं.
मागचा एक जण हसला. त्या हसल्या नाहीत.
चष्मा काढून म्हणाल्या,
दोन तासांचं या खान्यात बसत नाही.
नाही म्हणायचं, तर तेही बसत नाही.
तुमचं तुम्ही बघा, माझ्या मागे अजून तीस फायली.

मी होय-नाही दोन्ही सोडलं
आणि कडेच्या जागेत लिहिलं: पोळ्या.

पैसे कधी?
पंधरा दिवस.
पण ते त्यांचे दिवस. शनिवार-रविवार वगळून,
गणपती वगळून, सर्व्हर बंद तो दिवस वगळून.
घरमालक निम्हण सगळे दिवस धरतो,
त्याच्या महिन्यात रविवारही राहायला येतो.
किराणावाल्याला मी तारीख दिली पाच,
मग बारा, मग नुसतंच ‘आलं की’.
मुलगी रोज विचारायची, आले का,
मग विचारेनाशी झाली.
ते जास्त लागलं.

एक दिवस मेसमध्ये, साडेसात वाजता,
एकसष्टावी पोळी तव्यावर
आणि ओट्यावर फोन थरथरला.
बँकेचा मेसेज. पडद्यावर माझं नाव
आणि ‘जमा’ एवढंच दिसलं,
पुढचं दाबल्याशिवाय उघडत नव्हतं.
दोन्ही हात कणकेत.
धुतले असते तर पोळी करपली असती.
करपलेलीही मोजत नाहीत.

आतून एक पोरगा ओरडला, मावशी, अजून दोन.

पडदा काळा झाला.
मी गोळा घेतला, पिठात बुडवला,
आणि कडेपासून मधे, मधून कडेला
लाटत राहिले.