डबल बेल

एकतीस वर्षं मी गाडी चालवली.
चाललो नाही.

कात्रज ते शिवाजीनगर, शिवाजीनगर ते कात्रज.
डाव्या मांडीला इंजिनाची धग,
चहा खिडकीतून, वडापाव खिडकीतून,
डेपोतून घरी यायला स्कूटर,
आणि घरी आलो की दमलो म्हणून आडवा.

मागे तांबोळी.
मैनुद्दीन तांबोळी, कंडक्टर.
गाडी म्हणजे त्याची बारा पावलं,
मागच्या दारापासून माझ्या पाठीपर्यंत.
एका फेरीत किती वेळा आला-गेला, कोण मोजणार?
बालाजीनगरच्या बाईंचे सुटे पैसे,
कॉलेजच्या पोरांचे फाटके पास,
'पुढे सरका, पुढे सरका' –
लोकांना सांगता सांगता
तोच सरकत राहिला जन्मभर.

मी आरशातून बघायचो,
म्हणायचो, नशीब काढलं आपण,
बसून नोकरी आहे.

मग वाघोले गेला.
आमच्याच डेपोचा, एकोणपन्नास वर्षांचा.
पद्मावतीच्या स्टॉपला गाडी नीट कडेला घेतली,
हँडब्रेक ओढला,
आणि गेला.
पॅसेंजर म्हणत होते, ड्रायव्हरचा डोळा लागलाय.

त्या आठवड्यात आम्ही सात ड्रायव्हर
छाती उघडी टाकून रांगेत.
ईसीजीचा कागद तिकिटाच्या रोलसारखा
येतच राहिला, येतच राहिला.
डॉक्टर परचुरे बाईंनी चष्म्यावरून बघितलं:
'अजून काही झालेलं नाही.
म्हणूनच सांगते.
गोळी देईन मी प्रेशरची,
पण गोळी तुमच्याऐवजी चालणार नाही.
रोज अर्धा तास.
बोलता येईल, पण गाता येणार नाही, एवढ्या वेगानं.'
मी म्हणालो, गाता तर मला बसूनही येत नाही.
त्या हसल्या नाहीत.

पहिल्या दिवशी, धनकवडीतून तळजाईच्या चढाला
तिसऱ्या खांबाशीच दम.
शेजारी रिक्षा थांबली –
'काका, बसताय का?'
काय सांगू, किती गोड शब्द आहे तो.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी बसायला नाही म्हणालो.

चौथा खांब पुढच्या आठवड्यात.
पावसात दोन महिने दांड्या.
दिवाळीत रंजनाच्या चकल्या, त्यांचा हिशेब नको.
पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात.

आणि एकदा वर, झाडीत मोर ओरडत असताना,
समोरून तांबोळी.
चौसष्टचा, ताठ, हातात रिकामी पिशवी.
म्हटलं, मैनूभाई, व्यायाम का?
'कसला व्यायाम रे.
सवय राहिली पायांना.
घरात बारा पावलं टाकली की भिंत येते.'

आता आम्ही दोघं जातो.
तो पुढे, मी मागे.
हा बदल त्याला फार आवडलाय,
वळून वळून सांगतो, 'पुढे सरका.'

वर पोचलो की मी दोन बोटं गळ्याशी धरतो.
टण-टण.
टण-टण.
एक बेल म्हणजे थांब,
दोन म्हणजे सोड गाडी,
हे मला कोणी शिकवायला नको.
वाघोलेला ऐकू येत असेल का,
की इंजिनाच्या आवाजात –

असो.
तांबोळी उतरायला लागलाय.
उतारावर जपून. गुडघे कुरकुरतात.
उद्या पहिली पाळी आहे,
तेव्हा संध्याकाळी.