एक थेंब, फार तर दोन

दोमित्सेले मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं
तेव्हा एप्रिल होता, आणि ढीग अर्धा.
"घराचं राहू दे," ती पानेवेझीसच्या इस्पितळातून म्हणाली,
"ढिगाकडे बघ. त्याला माणसाची सवय आहे."

ओलं आणि कोरडं, तिने फोनवर घोकून घेतलं.
बिटाची सालं पडली की वर बर्चची पानं,
बटाट्याच्या सालींवर अंड्यांचे पुठ्ठे फाडून.
काळ्या पावाची कड चालेल, थोडी. हाडं नकोत, मासा नको,
नाहीतर उंदीर तुझ्याआधी जेवतील.
शेपूच्या काड्या बोटभर तोड. आळस करू नकोस.

मी आळस केला.
मे महिन्यात कुंपणापलीकडून ल्युदविकास खाकरला:
"या बागेला असा वास
सत्तावीस वर्षांत आला नव्हता."
आंबूस, डोक्यात जाणारा.
पाणी सुटलेलं, वर चिलटांचं राज्य.

फोनवर ती गप्प राहिली. मग:
"कुजवलंस. मी मुरवायला सांगितलं होतं."

त्या दोन शब्दांमधलं अंतर
मी काट्याने उपसलं, शनिवार-रविवार,
तळाचं वर, वरचं तळाला,
मधे वाळकं गवत, करवतीचा भुसा,
आणि गेल्या सालचं घमेलंभर काळं खत,
विरजण म्हणून.
"आता मूठभर घे आणि पीळ.
धार लागली तर जास्त पाजलंस. काहीच नाही तर तहानेलं.
एक थेंब यायला हवा. फार तर दोन."
एक आला.
फोन खांद्याने कानाशी दाबून मी तो मोजला.

जूनमधे पहाटे ढिगातून वाफ.
आत घातलेला हात झटकन बाहेर आला.
मी बढाई मारली.
"ताप आहे," ती म्हणाली, "चांगला आहे. उतरू दे."

जुलै संपता संपता टोमॅटो भुकेने पिवळे पडले.
मी फावडं घेतलं.
दोन वीत खाली,
पांढरी, मऊ, एकमेकांना चिकटलेली
अंडी. कातड्याच्या पिशव्यांसारखी.
आणि फळीच्या सावलीत, अर्धी आत अर्धी बाहेर,
मानेवर दोन पिवळे ठिपके असलेली
झाल्तीस.
हिच्या वाटेला इथे कुणी जात नाही.
जाणाऱ्याच्या घराचं दूध नासतं म्हणे.

"मोजू नकोस," मावशी म्हणाली.
मी आधीच मोजली होती. एकवीस.
"ऊब बघून आली. झाक."
"आणि टोमॅटो?"

जिने चाळीस वर्षांत खताचं पोतं विकत आणलं नव्हतं,
आणणाऱ्यांना तोंडावर हसली होती,
तिने घसा साफ केला आणि मला दुकानाचं नाव सांगितलं.
"लहानातलं घे.
ल्युदविकासला दिसू देऊ नकोस."

इथे जुलैत अंधार पडायला अकरा वाजतात.
मी थांबलो.

सकाळी तो कुंपणाला टेकून उभा,
कॉफीचा कप हातात, नजर माझ्या बुटांवरच्या
निळ्या-पांढऱ्या दाण्यांवर.
"किती आहेत?" त्याने विचारलं.
"काय किती?"
"एका साली," ल्युदविकास म्हणाला,
"ती आमच्याकडे होती."